बोलपट, बाजारपेठ आणि भाषा : अमेरिकी चित्रधंद्याचा नमुना व महाराष्ट्राचा अनुभव

चित्रपटाच्या अर्थकारणाचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. चित्रपटाची पहिली प्रत तयार होईपर्यंत जो खर्च होतो, त्याच्या मानाने दहावी किंवा शंभरावी प्रत काढण्याचा खर्च अत्यल्प असतो. कापडगिरणीची स्थिती याहून निराळी आहे. तेथे प्रत्येक वाराला नवा कापूस लागतो, नवी मजुरी लागते, आणि गिऱ्हाईक कमी असले तर उत्पादन कमी करून तोटा आवरता येतो. चित्रपटाच्या निर्मात्याला ही सोय नाही. प्रेक्षक दहा हजार असोत वा दहा लाख, देखावे, वेषभूषा, नटवर्ग, चित्रण व संकलन यांचा खर्च तोच राहतो. यास्तव या धंद्याचे यशापयश एकाच प्रश्नावर येऊन ठेपते : तोच चित्रपट, विशेष बदल न करता, किती लोकांपुढे नेता येईल?

मूकपटाच्या काळात या प्रश्नाचे उत्तर चित्रगृहांच्या संख्येवर व वितरकाच्या हुशारीवर अवलंबून होते. बोलपट आल्यावर त्यात भाषा हा तिसरा घटक शिरला, आणि पुढे तोच निर्णायक ठरला. अमेरिकी चित्रधंद्याच्या उभारणीची कथा सांगताना मक्तेदारी, भांडवल आणि नटनट्यांची लोकप्रियता यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु एका भाषेच्या विस्तीर्ण देशी बाजारपेठेवर ही सारी इमारत उभी होती, ही गोष्ट गृहीत धरली जाते. महाराष्ट्रातील चित्रसंस्थांनी त्या इमारतीची रचना मोठ्या कौशल्याने उचलली. पाया मात्र उचलता येण्याजोगा नव्हता. प्रस्तुत निबंधात या दोन अनुभवांची तुलना करून, तीतून निघणारा निष्कर्ष कल्याणपलीकडील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या बहुभाषिक पट्ट्याला लावून पाहिला आहे.

१. अमेरिकी नमुना

अमेरिकेतील चित्रधंदा आरंभी यंत्रांच्या मालकीवर चालला. १९०८ साली एडिसन व इतर एकस्वधारकांनी मिळून एक संघ स्थापन केला, आणि कॅमेरा, प्रक्षेपक व कच्ची फिल्म या तिन्हींवर ताबा मिळवून स्वतंत्र निर्मात्यांना धंद्याबाहेर ठेवण्याचा प्रयत्न केला. १९१५ साली न्यायालयाने हा संघ बेकायदेशीर ठरविला. तोपर्यंत धंद्याचे केंद्रही हलले होते. यंत्र कोणाचे यापेक्षा प्रेक्षकाच्या खुर्चीवर ताबा कोणाचा, हा प्रश्न महत्त्वाचा झाला होता.

अॅडॉल्फ झुकर याने हे सर्वांआधी ओळखले. लोकप्रिय नटीचा एक चित्रपट हवा असेल, तर चित्रगृहमालकाने त्याच कंपनीचे इतर अनेक चित्रपटही न पाहता घेतले पाहिजेत, अशी अट तो घालू लागला. या गठ्ठा-विक्रीला उत्तर म्हणून चित्रगृहमालकांनी १९१७ साली एकत्र येऊन 'फर्स्ट नॅशनल' ही स्वतःची संस्था काढली व निर्मितीत पाऊल टाकले. तेव्हा झुकरच्या कंपनीने चित्रगृहेच विकत घेण्यास प्रारंभ केला. निर्माता चित्रगृहाकडे आणि चित्रगृह निर्मितीकडे, अशी दोन्ही बाजूंनी झालेली ही धाव अखेर एकाच जागी पोचली. निर्मिती, वितरण व प्रदर्शन ही तिन्ही अंगे एका छत्राखाली असलेल्या पाच कंपन्या उदयास आल्या : पॅरामाउंट, लोएव्ज (मेट्रो-गोल्डविन-मेयर), फॉक्स, वॉर्नर आणि आर्‌केओ. युनिव्हर्सल, कोलंबिया व युनायटेड आर्टिस्ट्‌स या तीन कंपन्यांजवळ चित्रगृहांची तशी साखळी नव्हती, म्हणून त्यांचे स्थान दुय्यम राहिले.

या पाच कंपन्यांचे बळ किती होते, याचे आकडे १९४८ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आढळतात. देशातील १८,०७६ चित्रगृहांपैकी ३,१३७ चित्रगृहांत, म्हणजे शेकडा सुमारे १७ चित्रगृहांत, त्यांचे हितसंबंध होते. वरवर पाहता हे प्रमाण अल्प वाटते. परंतु एक लाखाहून अधिक लोकवस्तीच्या ९२ शहरांत, जेथे नवा चित्रपट प्रथम झळकतो अशा चित्रगृहांपैकी निदान ७० टक्के या पाचांशी संलग्न होती. प्रथम प्रदर्शनाच्या चित्रगृहातच चित्रपटाचा भाव ठरतो व उत्पन्नाचा मोठा भाग तेथेच येतो. म्हणून सतरा टक्के चित्रगृहांच्या जोरावर सबंध बाजारपेठ ताब्यात ठेवता येत असे. ३ मे १९४८ रोजी दिलेल्या या निकालाने गठ्ठा-विक्री निषिद्ध ठरविली आणि निर्मात्यांना चित्रगृहांपासून विभक्त करण्याचा मार्ग मोकळा केला. हे विभाजन १९५० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाले. या निकालातून निघालेले निर्बंध पुढे २०२० साली न्यायालयानेच उठविले.

या साऱ्या रचनेला आधार होता तो देशी प्रेक्षकांचा. १९३० च्या सुमारास अमेरिकेची लोकसंख्या १२ कोटींच्या वर होती आणि इंग्रजी ही तिची सामाईक भाषा होती. निर्मितीचा खर्च घरीच भरून निघत असल्याने परदेशात मिळणारे उत्पन्न बहुतांशी निव्वळ नफ्याचे होते. परिणामी, अमेरिकी चित्रपट परदेशात पडेल त्या भावाने देता येई, आणि त्या भावात स्थानिक निर्मात्याला टिकाव धरणे कठीण जाई.

२. भाषेवाचून बाजारपेठ

हिंदुस्थानात हा अनुभव लवकरच आला. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातील निर्मिती खालावली व तिची जागा अमेरिकी चित्रपटांनी घेतली. दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट समितीने १९२७-२८ साली देशभर साक्षी घेतल्या, तेव्हा पडद्यावरील बहुसंख्य चित्रपट परदेशी, आणि त्यांतही प्रामुख्याने अमेरिकी, असल्याचे आढळले. ही समिती नेमण्यामागे ब्रिटिश साम्राज्यातील चित्रपटांना सवलत मिळवून देण्याचा सरकारचा हेतू होता. समितीने ती सवलत नाकारली आणि देशी धंद्याला कर्जरूपाने साहाय्य द्यावे, कच्च्या फिल्मवरील आयातकर काढावा, अशा शिफारशी केल्या. सहा सभासदांपैकी तिघा ब्रिटिशांनी यांतील काही मुद्द्यांवर भिन्नमत नोंदविले. अहवाल दप्तरी पडला.

तथापि मूकपटाच्या काळात देशी निर्मात्याजवळ एक अनुकूल गोष्ट होती. त्याच्या मालाला भाषेचा अडसर नव्हता. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९११ साली मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ साली विलायतेहून यंत्रसामग्री आणली आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित केला. त्या चित्रपटाच्या पाट्या इंग्रजी व हिंदीत होत्या. पुढे मराठी, गुजराती, उर्दू अशा पाट्याही प्रदेशागणिक बदलून लावण्याची प्रथा पडली. पाटी बदलण्यास काही फूट फिल्म पुरे, आणि निरक्षर प्रेक्षकांसाठी ती मोठ्याने वाचून दाखविणारा मनुष्य चित्रगृहात असे. हरिश्चंद्राची कथा काशीपासून कन्याकुमारीपर्यंत ठाऊक होती. तिचे चित्र त्याच प्रेक्षकवर्गापर्यंत नेण्यास भाषांतराची फारशी गरज पडत नसे. पौराणिक विषयांची निवड केवळ धर्मभावनेपोटी झाली असे मानण्याचे कारण नाही. पुराणकथा ही त्या काळच्या निर्मात्याची सामाईक भाषाच होती.

नाशिकची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी १९१८ साली मुंबईच्या भांडवलदारांच्या भागीदारीने निघाली. एका कलावंताची घरगुती कर्मशाळा आणि हिशेब मागणारे भागीदार यांतील संघर्ष तिच्यात आरंभापासून होता, आणि फाळके काही काळ कंपनी सोडून काशीस गेले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. 'सैरंध्री' (१९२०), 'सिंहगड' (१९२३) व 'सावकारी पाश' (१९२५) हे तिचे चित्रपट प्रसिद्ध आहेत. या दोन्ही संस्था बोलपटाच्या आगमनाबरोबर मावळल्या. ध्वनियंत्राचा खर्च हे त्याचे एक कारण होय. दुसरे कारण असे की, ज्या भाषातीत बाजारपेठेवर त्या जगत होत्या, तीच बाजारपेठ आता शिल्लक राहिली नाही.

३. 'प्रभात'चा द्वैभाषिक तोडगा

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' झळकला आणि हिंदुस्थानचा एकसंध पडदा भाषावार विभागला जाऊ लागला. परदेशी चित्रपटांची इंग्रजी बोली सामान्य प्रेक्षकाला अनाकलनीय असल्याने देशी धंद्याला यातून आपोआप संरक्षण मिळाले. जी सवलत समितीच्या शिफारशींनी मिळाली नाही, ती ध्वनीने दिली. परंतु ज्या भिंतीने अमेरिकी माल अडविला, तिनेच मराठी मालाचा बाहेर जाण्याचा मार्गही रोखला. १९३१ च्या जनगणनेनुसार मराठी भाषकांची संख्या सुमारे दोन कोटी होती. तीही मुंबई इलाखा, मध्यप्रांत-वऱ्हाड, निजामाचे राज्य व अनेक संस्थाने यांत विखुरलेली, आणि बव्हंशी चित्रगृहे नसलेल्या खेड्यांत राहणारी.

याच पेचात हॉलिवुडही सापडले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पॅरामाउंट कंपनीने १९३० साली पॅरिसजवळ ज्वँव्हील येथे चित्रणशाळा चालवून एकाच कथेच्या अनेक युरोपीय भाषांतील आवृत्त्या, नट बदलून, तयार करण्याचा उद्योग केला. हा प्रयोग दोनतीन वर्षांतच आवरावा लागला. प्रत्येक आवृत्तीचा खर्च वाढे आणि प्रेक्षकांना मूळचे प्रसिद्ध नटच हवे असत. अखेर पडद्याखाली भाषांतर छापणे अथवा दुसऱ्या भाषेतील ध्वनी जोडणे, हे स्वस्त मार्ग रूढ झाले. खर्च घरीच वसूल होत असल्यामुळे हॉलिवुडला हा प्रयोग सोडून देणे परवडले.

महाराष्ट्रात तोच मार्ग निकडीचा ठरला. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे पाच भागीदार होते : विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर, व्ही. शांताराम आणि सीतारामपंत कुलकर्णी. पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या कर्मशाळेत तयार झालेले, आणि कुलकर्णी हे भांडवल पुरविणारे सराफ. 'प्रभात'ने आपला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ साली मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. देखावे तेच, वेष तेच, यंत्रे तीच. दुर्गा खोटे व गोविंदराव टेंबे हे प्रमुख नटही दोन्हींत तेच. एक दृश्य मराठीत चित्रित झाले की त्याच दिव्यांखाली ते हिंदीत होई. अधिक खर्च येई तो मुख्यतः फिल्म, वेळ व काही नट यांचा. त्या खर्चाच्या बदल्यात दोन कोटींची बाजारपेठ अनेक पटींनी वाढे. ज्वँव्हीलमध्ये नट बदलत व भाषा अनेक असत. 'प्रभात'मध्ये नट बहुधा तेच राहत व भाषा दोनच असत. यशाचे मर्म या फरकात होते.

१९३३ साली कंपनी पुण्यास आली. भव्य चित्रणशाळा, रसायनशाळा, ध्वनिविभाग, चित्रणासाठी बांधलेला तलाव आणि मासिक वेतनावरील नट व कारागीर यांमुळे तिला अमेरिकी धर्तीच्या चित्रसंस्थेचे पूर्ण रूप आले. याच सुमारास कलकत्त्यात न्यू थिएटर्स ही संस्था बंगाली व हिंदी असा जोडधंदा करीत होती. मालाडला १९३४ साली निघालेल्या बॉम्बे टॉकीज या मर्यादित कंपनीने मात्र केवळ हिंदीचाच आश्रय घेतला. प्रादेशिक भाषेत राहूनही मोठा खर्च पेलावयाचा असेल तर दोन भाषांत उभे राहिले पाहिजे, हे पुणे व कलकत्ता या दोन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे ठरले.

या द्वैभाषिक निर्मितीचा भाषिक परिणामही अभ्यसनीय आहे. 'माणूस' व 'आदमी' (१९३९), 'शेजारी' व 'पडोसी' (१९४१) या जोड्यांत शीर्षक सरळ भाषांतरित होते. १९३७ सालच्या 'कुंकू'ला मात्र हिंदीत 'दुनिया न माने' असे नाव द्यावे लागले. कुंकू या एका शब्दात मराठी समाजातील सौभाग्याची, विवाहबंधनाची व स्त्रीच्या स्थानाची जी सारी व्यंजना सामावली आहे, ती जशीच्या तशी दुसऱ्या भाषेत नेणारा शब्द नव्हता. म्हणून चिन्हाच्या जागी विधान आले. 'शेजारी'मध्ये केशवराव दाते यांनी केलेली हिंदू शेजाऱ्याची भूमिका 'पडोसी'मध्ये मझहर खान यांच्याकडे गेली. गजानन जागीरदार यांनी मुसलमान शेजाऱ्याची भूमिका दोन्हींत केली. नट बदलावा की राखावा, हा निर्णय अशा वेळी उच्चार, बाजारपेठ व अभिनय या तिन्हींचा मेळ घालून होई. 'माणूस'मध्ये एकाच गीतात अनेक भारतीय भाषांतील कडवी गुंफली आहेत. ते गीत कथेतील गंमत म्हणून आले असले, तरी त्या काळच्या निर्मात्यापुढील मुख्य प्रश्न त्यात जणू उघड बोलून दाखविला आहे.

या नियमाला एक ठळक अपवाद आहे. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम' (१९३६) केवळ मराठीत निघाला, मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. तुकारामाचे अभंग ज्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या होते, असा प्रेक्षकवर्ग वारकरी परंपरेने आधीच घडविला होता. बाजारपेठेचा विस्तार लहान असला तरी खोली विलक्षण असली, तर एका भाषेवरही खर्च निघू शकतो, हे या चित्रपटाने दाखविले. परंतु असा विषय दरवर्षी सापडत नाही, आणि वेतनावरील शेकडो माणसांचा कारखाना अपवादावर चालत नाही.

४. साखळीचा अभाव

'प्रभात'चा ऱ्हास १९४२ साली शांताराम यांनी संस्था सोडल्यापासून मोजण्याची प्रथा आहे, आणि भागीदारांतील वितुष्टाला त्याचे प्रमुख कारण मानले जाते. वितुष्ट खरे होते. परंतु माणसे अमेरिकी कंपन्यांतूनही भांडून गेली, तरी त्या कंपन्या दशकानुदशके टिकल्या. फरक पडला तो रचनेत.

अमेरिकी कंपनीचा एखादा चित्रपट पडला, तरी तिच्या स्वतःच्या चित्रगृहांत इतर चित्रपट चालतच असत. घरभाडे, तिकिटे व वितरणाचा हिस्सा यांतून पैसा फिरून येई. त्या तोडीची मालकीच्या चित्रगृहांची साखळी 'प्रभात'ला उभारता आली नाही. मराठी मुलखात अशी साखळी उभारण्याइतकी मोठी शहरे मोजकीच होती, आणि मुंबई हे सर्वांत मोठे शहर मराठीबरोबर गुजराती, हिंदी, उर्दू बोलणाऱ्यांचेही होते. साहजिकच तेथील चित्रगृहाचा मालक सर्वांना समजेल असा चित्रपट पसंत करी. खर्च मोठ्या कारखान्याचा आणि वसुली मात्र दुसऱ्याच्या चित्रगृहातून, अशी ही स्थिती होती.

दुसऱ्या महायुद्धाने ती अधिक बिकट केली. कच्ची फिल्म परदेशातून येत असल्याने तिच्यावर नियंत्रण आले आणि चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर मर्यादित झाली. एका कथेसाठी दोन आवृत्त्यांची फिल्म खर्च करणे हा जो 'प्रभात'चा मूलभूत तोडगा होता, तोच आता सर्वांत महाग पडू लागला. जी काही फिल्म मिळेल, ती अधिक प्रेक्षक असलेल्या भाषेला द्यावी, हे कोणत्याही हिशेबी निर्मात्याला सुचणारच. त्यातच युद्धकाळातील सहज मिळालेला पैसा धंद्यात उतरला. वेतन देऊन वर्षभर नट बाळगणाऱ्या संस्थेला, एका चित्रपटापुरती भारी रक्कम देऊन नट पळविणाऱ्या नव्या निर्मात्याशी स्पर्धा करणे अवघड झाले. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीच्या १९५१ सालच्या अहवालात या परिस्थितीचे विवेचन आहे. दामले १९४५ साली निवर्तले. 'रामशास्त्री' (१९४४) हा चित्रपट गाजला, तरी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात संस्थेची निर्मिती थांबली. ज्या वास्तूत 'प्रभात'ची चित्रणशाळा होती, तेथे १९६० साली केंद्र सरकारची चित्रपट-शिक्षणसंस्था उभी राहिली. अशा संस्थेची शिफारस पाटील समितीनेच केली होती.

अमेरिकेत न्यायालयाने निर्मात्याला चित्रगृहापासून दूर केले. महाराष्ट्रात ते दोघे कधी पुरेसे जवळ आलेच नव्हते. विघटनाचा शेवट दोन्हीकडे सारखा दिसला, म्हणजे स्वतंत्र निर्माते व चित्रपटागणिक करार. परंतु अमेरिकी कंपन्यांजवळ वितरणाचे जागतिक जाळे शिल्लक राहिले, आणि मराठी निर्मात्याजवळ केवळ कथा व कलावंत.

५. राज्याचा आधार

'प्रभात'नंतरच्या मराठी चित्रपटाने द्वैभाषिकतेचा मार्ग बहुतांशी सोडला आणि खर्च बेताचा ठेवून आपल्याच प्रेक्षकांत खोलवर जाण्याचा मार्ग धरला. 'श्यामची आई' (१९५३) या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला. तंबूतील फिरत्या खेळांनी ग्रामीण प्रेक्षक मिळवून दिला. शहरातील चित्रगृहाचा प्रश्न मात्र सुटला नाही. १९७१ साली दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर चित्रगृहात स्थान मिळवून देण्यासाठी शिवसेनेने हस्तक्षेप केला. मराठी वस्तीच्या मध्यभागी मराठी चित्रपटासाठी हे करावे लागले, यावरून अडचणीचे स्वरूप स्पष्ट होते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यानंतर भाषेला शासनाचे पाठबळ लाभले. १९७५ पासून मराठी चित्रपटावरील करमणूक कर निर्मात्यास पुढील मराठी चित्रपटासाठी परत देण्याची योजना सुरू झाली, आणि पुढे तिची जागा थेट अनुदानाने घेतली. २०१५ साली बहुपडदा चित्रगृहांत मोक्याच्या वेळी मराठी चित्रपटाचा खेळ ठेवण्याचा आग्रह शासनाने धरला. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने २०१६ साली शंभर कोटी रुपयांच्या वर उत्पन्न मिळविले. हीच कथा २०१८ साली हिंदीत 'धडक' या नावाने वेगळ्या नटांसह चित्रित झाली. 'प्रभात' आपली कथा स्वतःच हिंदीत नेऊन मोठ्या बाजारपेठेचे उत्पन्न स्वतः घेत असे. आता कथा हक्काच्या रूपाने विकली जाते आणि मोठी बाजारपेठ दुसऱ्याच्या हाती राहते.

६. कल्याणपलीकडील पट्टा

भाषा, बाजारपेठ व शासन यांचा हा परस्परसंबंध एका लहान भूभागात तपासावयाचा झाल्यास मुंबई-पुणे लोहमार्गावरील कल्याणपुढची तीन स्थानके सोयीची आहेत. १८५६ साली लोहमार्ग कल्याणहून खोपोलीपर्यंत गेला आणि उल्हास नदीच्या खोऱ्यातील ही गावे मुंबईला जोडली गेली. अंबरनाथ येथे शिलाहारांच्या काळातील, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिवालय आहे. विसाव्या शतकात तेथे काड्यापेटीचा 'विम्को' कारखाना व पुढे संरक्षण खात्याचा कारखाना आल्याने निरनिराळ्या प्रांतांतील कामगार वस्तीस आले. बदलापूर दीर्घकाळ मराठी वळणाचे खेडे होते, आणि उपनगरी गाड्यांबरोबर ते मुंबईच्या मध्यमवर्गाचे वसतिस्थान बनले. कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आश्रय देण्यात आला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे 'उल्हासनगर' असे नामकरण झाले. छावण्यांचे क्रमांक अद्यापि तेथील पत्त्यांत टिकून आहेत. १९५१ च्या जनगणनेत या वसाहतीची वस्ती ८० हजारांच्या वर होती. २०११ साली ती ५ लाखांच्या वर गेली.

अशा प्रकारे काही मैलांच्या अंतरात तीन भाषांचे प्रेक्षक शेजारी आले. बाजारपेठेच्या दृष्टीने या तीन भाषांची स्थिती अगदी भिन्न आहे. हिंदी ही त्यांतील फार थोड्यांची घरची भाषा. परंतु ती सिंध्याला, मराठ्याला व उत्तरेकडून आलेल्या कामगाराला सारखीच समजते. म्हणून प्रत्येक खुर्चीत कोणालाही बसविण्याची शक्ती तिच्यात आहे, आणि तिला कोणाच्या आश्रयाची गरज नाही. मराठीजवळ हे सामर्थ्य नाही, परंतु तिच्या पाठीशी राज्य आहे. अनुदान, पुरस्कार व चित्रगृहांवरील अटी या मार्गांनी तिची उणीव काही अंशी भरून निघते. सिंधीजवळ यांपैकी काहीच नाही.

सिंधीची ही स्थिती विशेष विचारार्ह आहे. १९६७ साली सिंधीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. परंतु भारतात सिंध नावाचे राज्य नाही. तिच्या लिपीविषयी, अरबी वळणाची ठेवावी की देवनागरी घ्यावी, हा वाद फाळणीनंतर लगेच सुरू झाला आणि त्याने वाचकवर्गही विभागला. प्रेक्षकवर्ग तर उल्हासनगर, अहमदाबाद, अजमेर, इंदूर अशा दूरदूरच्या शहरांत विखुरला. चित्रपटाची पेटी एका गावातून दुसऱ्या गावी नेताना मध्ये शेकडो मैल सिंधी प्रेक्षकच नाहीत, अशा भाषेसाठी वितरणाची साखळी उभी राहणे शक्य नव्हते. १९५८ सालचा 'अबाणा' हा फाळणीनंतरच्या सिंधी चित्रपटांतील आद्य व प्रसिद्ध चित्रपट. त्यात काम करणारी कराचीत जन्मलेली साधना दोन वर्षांतच 'लव्ह इन सिमला' या चित्रपटाद्वारे हिंदीची नायिका झाली. सिंधमधून आलेल्या जी. पी. सिप्पी यांनी आपले भांडवल व उद्यमशीलता हिंदी चित्रपटात घातली, आणि १९७५ साली 'शोले'ची निर्मिती केली. सिंधी समाजाजवळ व्यापारी बुद्धी, धाडस व गुणी कलावंत यांची उणीव कधीच नव्हती. ज्याच्या बळावर पहिल्या प्रतीचा खर्च भरून निघावा असा सलग भाषिक प्रदेश तेवढा त्यांच्याजवळ नव्हता. म्हणून त्यांचे भांडवल व गुण दोन्ही हिंदीच्या पदरी पडले.

या तुलनेतून निघणारा निष्कर्ष केवळ धंद्यापुरता मर्यादित नाही. एखाद्या भाषेत चित्रपट निर्माण होतो की नाही, हे त्या भाषेच्या गुणवत्तेवर किंवा तिच्या भाषकांच्या प्रेमावर ठरत नाही. तिचे भाषक किती आहेत, ते किती दाटीने राहतात, त्यांच्या शेजारी अधिक समजली जाणारी दुसरी भाषा आहे काय, आणि चित्रगृहाच्या दारावर अधिकार कोणाचा, यांवर ते ठरते. इंग्रजीला ही चारही अनुकूलता अमेरिकेत लाभली. मराठीला त्यांपैकी पहिली मध्यम प्रमाणात लाभली, आणि राज्यस्थापनेनंतर चौथीचा थोडा अंश. सिंधीच्या वाट्याला एकही आली नाही.

अलीकडे ध्वनी बदलून तोच चित्रपट अनेक भाषांत एकाच दिवशी प्रदर्शित करण्याची पद्धत रूढ झाली आहे. 'बाहुबली' (२०१५) तेलुगू व तमिळ या दोन भाषांत चित्रित करून हिंदीत ध्वनी जोडला गेला. म्हणजे पुण्यात १९३० च्या दशकात चाललेला मार्ग दक्षिणेत पुन्हा आचरणात आला. त्याबरोबर एक गोष्ट मात्र उलट झाली आहे. पूर्वी भाषा ही परक्या मालाला अडविणारी भिंत होती. आता कोणत्याही भाषेतील चित्रपट अल्प खर्चात मराठी प्रेक्षकाच्या कानी त्याला समजणाऱ्या भाषेत पडू शकतो. १९३१ साली ध्वनीने जे संरक्षण अनायासे दिले, ते यापुढे मिळणारे नाही. तेव्हा मराठी चित्रपटाचे भवितव्य दोनच गोष्टींवर राहील : 'संत तुकारामा'ला लाभली तशी प्रेक्षकांच्या जीवनातील खोली, आणि आपली कथा स्वतःच दुसऱ्या भाषेत नेण्याची 'प्रभात'ची हिंमत. यांतील दुसरीसाठी भांडवल लागते व पहिलीसाठी भाषेचे सखोल ज्ञान. आणि दोन्ही एकत्र आणणाऱ्या संस्था मराठीत आजवर मोजक्याच झाल्या आहेत.